तीनशे अकरानंतर

"बाई, तुमच्या यादीत आकड्यांचा मोठा घोळ होता. मी निस्तरला," कारागीर फोनवर म्हणाला.

दाखलेबाईंच्या हातात गोल शिक्का होता. त्यांनी तो शाईच्या पॅडवर तसाच टेकवला.

"कसला घोळ?"

"आकडे मधेच गाळलेले होते की. छप्पन झाल्यावर एकदम अठ्ठावन्न. मग साठ, मग त्रेसष्ट. टाईप करणाऱ्याने डुलक्या काढल्या असणार. म्हटलं, एवढं मोठं विद्यापीठ, दगडावर चुका दिसल्या तर हसं होईल. म्हणून सगळे ओळीने लावून टाकले. एक, दोन, तीन, चार. आता बघा कसं देखणं झालंय."

"कोरलेत?"

"पहिली पाटी झाली. बाकीच्या पाचांवर नुसती नावं आहेत. त्यांचे आकडे उद्या घेतो."

"उद्या हात लावू नका. मी येते."

"अहो, रविवारी उद्घाटन आहे. आज मंगळवार."

"मी येते म्हटलं ना."

फोन ठेवला तेव्हा शिक्का पॅडमध्ये रुतून बसला होता. चौतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. बाईंनी तो उचलून कागदावर दोनदा दाबला, जादाची शाई काढली आणि डबीत ठेवून दिला. यादी त्यांनी स्वतः टाईप केली होती, आणि टाईप करताना त्यांना कधीही डुलकी लागलेली नव्हती.

त्यांना दाखलेबाई म्हणायचे, कारण तळमजल्यावरच्या नोंदणी कक्षात दाखले त्यांच्या हातून निघत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, बाकी कुठे फारसं लागत नसे. कुलगुरूसुद्धा "दाखलेबाईंना विचारा" असंच म्हणत. बाईंचं वय सत्तावन्न, निवृत्तीला दहा महिने. लग्न जमलं नव्हतं, आणि ते जमलं नाही याचं दुःख त्यांच्यापेक्षा त्यांच्या मावशीलाच अधिक होतं. घरी आई होती, चौऱ्याऐंशी वर्षांची, आणि कानाने, डोळ्याने अन् तोंडाने ठणठणीत.

विद्यापीठ पंचाहत्तर वर्षांचं झालं होतं, म्हणजे आईपेक्षा नऊ वर्षांनी लहान. सुरू झालं तेव्हा ते विद्यापीठ वगैरे काही नव्हतं. चर्चच्या मागे, जिथे पाळकांचे झगे टांगलेले असत त्या खोलीत, अकरा जण उपदेश करायला शिकत होते. बसायला बाकं नव्हती. सोमवारी सकाळी विद्यार्थी चर्चमधली बाकं उचलून मागे आणत आणि शनिवारी संध्याकाळी रविवारच्या उपासनेसाठी परत नेऊन ठेवत. असं तीन वर्षं चाललं. मग शिक्षकांचा वर्ग निघाला, मग दवाखान्याला जोडून नर्सिंगचा. पुढे संध्याकाळचं कॉलेज, मग दिवसाचं, आणि पन्नास वर्षं उलटल्यावर विद्यापीठ. दारावरची पाटी चार वेळा बदलली. पायऱ्या मात्र त्याच राहिल्या, आणि तिसरी पायरी अजूनही हलते.

पायऱ्यांखेरीज आणखी एक गोष्ट बदलली नव्हती, ती म्हणजे प्रवेशाचं रजिस्टर. पहिल्या पाळकसाहेबांनी, जे मुख्याध्यापकही होते आणि कारकूनही, पहिल्या दिवशी अकरा जणांना एक ते अकरा क्रमांक दिले. दुसऱ्या वर्षी बारापासून पुढे. दरवर्षी नव्याने एकपासून सुरू करावं असं त्यांच्या डोक्यात आलंच नाही, आणि नंतरच्यांनी त्यांचा मान म्हणून तेच चालू ठेवलं. आता आकडा चौदा हजारांच्या पुढे गेला होता. कॉम्प्युटर आला तेव्हा प्रोग्राम बसवणारा मुलगा म्हणाला होता की, दरवर्षी एकपासूनच घ्यावं लागेल, सिस्टिम तशीच आहे. बाई त्याच्या खुर्चीशेजारी दोन दिवस बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी सिस्टिम तशी राहिली नाही.

पाळकसाहेबांचा दुसरा नियम याहून कडक होता. रजिस्टरमध्ये खोडायचं नाही. खरवडायचं नाही, कागद चिकटवायचा नाही. नाव कमी करायचं असेल तर त्यावर तांबड्या शाईची एकच सरळ रेघ मारायची, खालचं नाव वाचता आलं पाहिजे अशी. शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं आणि सही करायची. आणि तो क्रमांक पुन्हा कुणालाही द्यायचा नाही.

बाईंच्या लहानपणी घरात एक जाडाभरडा पांढरा टॉवेल होता. त्याच्या कोपऱ्यात तांबड्या दोऱ्याने विणलेलं होतं, ३१२. नर्सिंगच्या मुलींच्या कपड्यांवर असे क्रमांक असत, धुण्यात अदलाबदल होऊ नये म्हणून. लहानग्या बाई आकडे शिकल्या त्या टॉवेलवर बोट फिरवून, त्यामुळे पहिलीच्या वर्गात त्यांना चार आणि पाच यायच्या आधी तीनशे बारा लिहिता येत होतं. आई गल्लीत नर्स म्हणूनच ओळखली जायची. इंजेक्शन द्यायची, पोरांच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधायची, कुणाचे दिवस भरले की मध्यरात्रीही उठून जायची. "मी तिथली आहे," ती टेकडीवरच्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणायची. प्रमाणपत्र कुठे आहे असं विचारलं की सांगायची, जुन्या घरात पाणी शिरलं तेव्हा गेलं.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. दुसऱ्याच आठवड्यात कपाटाची किल्ली हातात आली आणि त्यांनी पहिलं काय केलं असेल तर रजिस्टर क्रमांक एक काढलं. नर्सिंगच्या त्या वर्गात नऊ मुली होत्या, तीनशे पाच ते तीनशे तेरा. आठ नावं स्वच्छ होती, पुढे उत्तीर्ण झाल्याची तारीख. तीनशे बारावर तांबडी रेघ होती. शेवटच्या रकान्यात दोन शब्द: 'विवाह. कमी.' खाली सही.

त्या काळी नियम होता की नर्सिंग शिकणाऱ्या मुलीने लग्न केलं तर नाव कमी. आईने लग्न केलं शेवटच्या परीक्षेला पाच महिने असताना, आणि तेही संस्थेच्याच सुताराशी. सुताराला असा काही नियम नव्हता. त्यांनी पुढे एकतीस वर्षं तिथेच नोकरी केली. अर्धी बाकं, प्रार्थनेचं व्यासपीठ आणि ज्या कपाटात ते रजिस्टर ठेवलेलं होतं ते कपाट, सगळं त्यांच्या हातचं होतं. आईचं नाव कमी झाल्यावर सहा वर्षांनी तो नियमच रद्द झाला. तोवर आईच्या ओटीत पोर नव्हतं पण हातात शिवणयंत्र आलेलं होतं, आणि परत जायचं म्हटलं तर पुन्हा पहिल्या वर्षापासून बसावं लागलं असतं.

बाईंना त्या दिवशी राग आला होता. नियमाचा, सहीचा, वडिलांचासुद्धा. घरी गेल्यावर आईने विचारलं, "जुनी रजिस्टरं बघितलीस का गं?"

"नाही. किल्ली मोठ्या साहेबांकडे असते," बाई म्हणाल्या. आयुष्यात त्या आईशी खोटं बोलल्या ते एवढंच, आणि ते त्यांनी चौतीस वर्षं सांभाळलं.

पंचाहत्तरीसाठी समिती बसली तेव्हा ठरलं की, प्रवेशद्वाराशी एक भिंत उभारायची आणि पहिल्या पंचवीस वर्षांत जे शिकून बाहेर पडले त्यांची नावं दगडात कोरायची. यादीचं काम अर्थातच दाखलेबाईंकडे आलं. पंचवीस वर्षांत एकोणीसशे बत्तीस जणांनी प्रवेश घेतला होता, त्यातल्या चौदाशे एकसष्ट जणांचं शिक्षण पूर्ण झालं होतं. "प्रवेश घेतलेल्या सगळ्यांचीच नावं घेऊ या का?" बाईंनी विचारून पाहिलं. जागा नाही असं उत्तर आलं. मग त्या म्हणाल्या, "निदान नावापुढे रजिस्टरचा क्रमांक तरी टाकू. शोधायला सोपं जातं." एवढ्यात चहा आला आणि ते कुणी हरकत न घेता मंजूर झालं.

घरी आईने कॅलेंडरवर रविवारभोवती गोल केला. नवे बूट आणवले. शेजारणींना सांगून झालं. "माझ्या वर्गातल्या सगळ्यांची नावं लागणार आहेत," ती म्हणायची, आणि 'सगळ्यांची' म्हणताना लेकीकडे बघायची. बाई मान खाली घालून भाजी चिरत बसायच्या.

एका दुपारी कार्यालयात कुणी नसताना त्यांनी तीनशे अकरा आणि तीनशे तेरा यांच्यामध्ये आईचं नाव टाईप करून पाहिलं होतं. ओळ दिसायला अगदी बाकीच्यांसारखीच होती. यादी तपासणाऱ्याही त्याच, सही करणाऱ्याही त्याच. कुणालाही कळलं नसतं. पाच मिनिटं त्या ओळीकडे बघून त्यांनी ती काढून टाकली. नाव घालता येत नव्हतं. पण आकडा गाळलेला दिसेल, तीनशे अकरानंतर एकदम तीनशे तेरा येईल, म्हणजे मधे कुणीतरी होतं हे तरी राहील, एवढाच त्यांचा बेत होता. आता कारागिराने तोही मोडून काढला होता.

बुधवारी सकाळी त्या कारखान्यात गेल्या. पत्र्याच्या छपराखाली सहा काळ्या पाट्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. सगळीकडे पांढरी भुकटी, कारागिराच्या भुवयांवरसुद्धा. पन्नाशीचा माणूस, कामाचा अभिमान असलेला.

"या बाई. बघा, आहे का कुठे खोट?"

अक्षरं खरोखर सुंदर होती. बाईंनी चष्मा लावला आणि तळाशी वाकून नर्सिंगच्या मुली शोधल्या. आईच्या तोंडून त्या साऱ्या जणी बाईंना पाठ होत्या. तीनशे अकरा म्हणजे आईची लांबोडी, जिचे पाय पलंगाबाहेर यायचे. तीनशे तेरा म्हणजे गाणारी. इथे लांबोडीला दोनशे चौतीस क्रमांक मिळाला होता आणि गाणारीला दोनशे पस्तीस. दोघी खेटून बसल्या होत्या. मधे कधी कुणी नव्हतंच.

बाई सरळ उभ्या राहिल्या. "हे सगळे आकडे काढावे लागतील," त्या म्हणाल्या. "यादीत होते तेच घाला. गाळलेले नाहीत ते. ते तसेच आहेत."

"दगडावरचं काढायचं म्हणजे काय पाटीवरचा खडू आहे का?"

"मग कसं करतात?"

"घासावं लागतं. आकड्यांची सगळी पट्टी एक सूतभर खाली घासायची, पॉलिश करायची, मग नव्याने कोरायचं. तरी हात लावला की कळणारच, तिथे दगड किंचित खोल गेलाय म्हणून."

"कळू दे."

कारागिराने कमरेवर हात ठेवले. "बाई, मी पंचवीस वर्षं नावं कोरतोय. चुकीचं नाव कोरलं म्हणून लोक भांडायला येतात. बरोबर आकडे चुकीचे करून द्या म्हणून भांडायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"पण होईल ना रविवारपर्यंत?"

"शनिवारपर्यंतही होईल, मनावर घेतलं तर. पण कुलसचिवांचं पत्र आणा. उद्या ते म्हणायचे, पाटी खराब केली."

कुलसचिव चाळिशीतले होते. स्वतः इथेच शिकलेले, सारखे घाईत, पण मनाने वाईट नव्हते. त्यांच्या टेबलावर पाहुण्यांच्या बसण्याचा आराखडा पसरलेला होता आणि ते त्यावर पेन्सिलीने खुर्च्या हलवत होते.

"दाखलेबाई, आकडे ओळीने आले तर बिघडलं कुठे? उलट बरं दिसतं."

"सर, तुमचा क्रमांक काय?"

"नऊ हजार दोनशे चौदा," ते मान वर न करता म्हणाले.

"किती वर्षं झाली?"

आता त्यांनी मान वर केली. "बावीस."

"बघा. दाखला मागायला येतात ते सगळे आधी क्रमांक सांगतात, मग नाव. म्हातारी माणसंसुद्धा. उद्या कुणी तुम्हाला म्हणालं की तुम्ही सात हजार अमुक, तर?"

"मान्य आहे. पण त्या पंचवीस वर्षांतलं आता उरलंय कोण? आणि आलंच कोणी, तर नाव बघतील, आकडे मोजत बसणार नाहीत. चार दिवस राहिलेत, बाई. माझ्या डोक्यावर बिशप आहेत, खुर्च्या आहेत, मांडव आहे."

"एक जण मोजेल."

"कोण?"

बाईंनी दाराकडे पाहून घेतलं. हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, मावशीलाही नाही. "तीनशे बारा," त्या म्हणाल्या. "माझी आई आहे ती."

कुलसचिवांनी पेन्सिल ठेवली. यादीची प्रत ओढून घेतली आणि बोट फिरवत खाली आले. "तीनशे बारा नाही इथे."

"नाही. शेवटच्या वर्षाला लग्न केलं म्हणून नाव कमी झालं. तेव्हा तसा नियम होता."

"पण यादी तर तुम्हीच केलीत. तुम्ही घातलं असतं नाव, तर मलाच काय, कुणालाच कळलं नसतं."

"रेघ मारलेली आहे, सर. रेघ मारलेलं नाव मी आजपर्यंत कुणाच्याही सांगण्यावरून चालू केलेलं नाही. मंत्र्यांच्या चिठ्ठ्या आल्या तेव्हाही नाही. आता आपल्या घरचं आहे म्हणून कसं करू?"

"नियमच चुकीचा होता ना पण."

"चुकीचाच होता. नोंद मात्र बरोबर आहे. तिने लग्न केलं, तिला काढलं. तिची जागा गाळलेली दिसली पाहिजे, एवढंच म्हणते. आणि ती एकट्या तिचीच नाही, तशा चारशे एकाहत्तर जागा आहेत."

कुलसचिवांनी खुर्च्यांचा आराखडा बाजूला सारला. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि कारागिराच्या नावे चार ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्या. सही करून झाल्यावर कागद पुढे केला, पण लगेच सोडला नाही.

"आईंना माहीत आहे? नाव नाही ते?"

"सांगायचंय अजून."

"रविवारच्या आधी सांगा, बाई. भिंतीपुढे नको कळायला."

कारागिराने पत्र दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि तोंडावर फडकं बांधलं. बाई तिथेच उभ्या राहिल्या. पहिला आकडा घासला जाईपर्यंत त्यांचा जीव भांड्यात पडणार नव्हता. "रजिस्टरमध्ये खोडायचं नाही म्हणता," तो फडक्याआडून म्हणाला, "आणि माझा दगड बरा खोडून घेता." बाईंना बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

आईला सांगायचं मात्र गुरुवारी राहिलं, शुक्रवारी राहिलं. शनिवारी दुपारी बाई आईची नखं कापायला बसल्या. आईच्याने आता कात्री नीट धरवत नसे. खिडकीपाशी दोन खुर्च्या समोरासमोर, आईच्या मांडीवर जुना टॉवेल, नखं पडायला. टॉवेल आता विटून पार पातळ झाला होता. तांबडा आकडा तेवढा टिकून होता.

डावा हात झाला. उजव्या हाताचा अंगठा झाला.

"आई, उद्या भिंतीवर तुझं नाव नाहीये."

"नसणारच," आई म्हणाली. "हळू, तिथे दुखतं."

बाईंचा हात थांबला.

"नसणारच म्हणजे?"

"म्हणजे काय? कमी केलं तेव्हा मी समोर उभी होते. पाळकसाहेबांनी पट्टी घेतली, रेघ वाकडी जाऊ नये म्हणून. सही करताना निब अडकलं, तर झटकलं त्यांनी आणि पुन्हा केली. मग म्हणाले, सुताराला सांग, मी त्याच्यावर रागावलेलो नाही." आईने खिडकीबाहेर बघितलं. "माझ्यावर रागावलेत का ते मात्र नाही बोलले."

"मग एवढी वर्षं ते पाण्यात गेलेलं प्रमाणपत्र?"

"तू सहा वर्षांची होतीस. सगळ्यांच्या आयांचं काय काय भिंतीवर लावलेलं असतं, आपल्याकडे का नाही, असं विचारलंस. तोंडातून निघून गेलं. एकदा बोललं की मग चालवावंच लागतं." आईने बोट पुढे केलं. "काप. तर्जनी राहिलीय."

बाईंनी कापली.

"आणि मला कळलंय हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"तू नोकरीला लागलीस, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या दिवसापासून तू कधी प्रमाणपत्राचं नाव काढलं नाहीस. त्याआधी महिन्यातून एकदा तरी विचारायचीस, नवीन काढून घे म्हणून. किल्ली म्हणे मोठ्या साहेबांकडे. कपाट तुझ्या बापाने केलं, त्याच्या दोन किल्ल्या होत्या हे मला माहीत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि नखं दिसेनाशी झाली, म्हणून त्यांनी कात्री खाली ठेवली. चौतीस वर्षं दोघींनी एकमेकींना जपलं होतं आणि एकाच टेबलावर जेवून एकमेकींपासून हे चोरलं होतं. एका अर्थी वाया गेली होती ती सगळी काळजी.

"मग उद्या कशाला यायचंय तुला? नवे बूट काय, शेजारणींना सांगणं काय."

"बघायला यायचंय," आई म्हणाली. "मला भीती होती, तू घालशील. लेक आहेस, यादी तुझ्या हातात. घातलं असतंस तर मी तिथे काय केलं असतं देव जाणे. पाळकसाहेबांची रेघ आहे ती. मी काही घाबरून लग्न नव्हतं केलं. समजूनउमजून केलं होतं." मग जरा थांबून म्हणाली, "वाईट वाटलं खूप. अजून वाटतं. पण ते निराळं."

आकड्यांचं बाई बोलल्या नाहीत. कसं सांगावं ते त्यांना सुचलं नाही, आणि सांगितलं असतं तर ते काहीतरी मोठं केल्यासारखं झालं असतं. त्यांनी टॉवेल उचलून खिडकीबाहेर झटकला.

रविवारी उपासना झाली, भाषणं झाली. बिशपांनी अकरा विद्यार्थी आणि उसन्या बाकांची गोष्ट सांगितली, ती त्यांना बाईंनीच लिहून दिली होती. 'बीज' आणि 'वटवृक्ष' हे दोन शब्द बिशपांनी स्वतःचे घातले. पडदा ओढला गेला, टाळ्या झाल्या, आणि लोक चहाकडे निघाले. भिंतीपाशी राहिली ती बहुतेक म्हातारी माणसं. कुणी चष्मा कपाळावर चढवून बघत होतं, कुणी नातवाला उचलून दाखवत होतं.

पहिल्या पाटीवर आकड्यांची पट्टी खरंच किंचित खोल होती. तिरपा उजेड पडला की कडेची रेघ दिसत होती. बाकी पाच पाट्या एकसारख्या होत्या. तरी कारागीर पहिल्या पाटीच्याच शेजारी उभा होता, भुवया धुतलेल्या, आणि कुणी जवळ आलं की नकळत तिच्यापुढे सरकत होता.

आई काठी टेकत आली. नवे बूट करकरत होते. बाई तिच्या कोपराला धरून होत्या. आईने चष्मा पुसला आणि अगदी वरून, एकपासून वाचायला सुरुवात केली. तिला घाई नव्हती. कुणी ओळखीचं आलं की थांबायची. "हा फार घोरायचा, उपासनेतसुद्धा." "हिने माझी छत्री नेली ती नेलीच." खालच्या ओळींना यायला दहा मिनिटं लागली. शेवटी तिला वाकावं लागलं, तेव्हा तिने काठी लेकीच्या हातात दिली आणि एक तळवा दगडावर टेकला.

तीनशे पाचपासून ती बोटाने वाचायला लागली. एकेक जण. तीनशे दहा. तीनशे अकरा. "लांबोडी," ती म्हणाली. "गेली बिचारी मागच्या वर्षी." बोट खाली सरकलं. तीनशे तेरा.

बोट थांबलं. परत वर गेलं, तीनशे अकरावर. पुन्हा खाली आलं.

मग तिने ते बोट त्या दोन ओळींच्या मधे टेकवलं. नखाएवढीच जागा होती ती, दोन नावांमधला नुसता दगड. ती तशीच वाकून राहिली. बाईंना तिची पाठ तेवढी दिसत होती. त्या काठीची मूठ अंगठ्याने चोळत राहिल्या.

दोन हातांवर एक टोपीवाले आजोबा दुसऱ्या पाटीसमोर उभे होते, आणि तेही कुठल्याशा दोन ओळींच्या मधेच टक लावून बघत होते.

"आजी, सापडलं का नाव?" मागून एका मुलीने विचारलं. तिला फोटो काढायचा होता.

"हो," आई म्हणाली. "काढ. हे बोटापाशी आहे बघ."

मुलीने फोटो काढला आणि ती पुढे गेली. आई सावकाश सरळ झाली. लेकीकडे तिने एकदाच बघितलं, बराच वेळ, आणि काठी परत मागितली.

घरी जाताना गाडीत आईने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. उजव्या हाताची तर्जनी तिने बाकीच्या बोटांपासून थोडी वेगळी धरली होती. टोकाला दगडाची पांढरी भुकटी लागली होती. बाईंनी पर्समधून रुमाल काढून पुढे केला.

"राहू दे," आई म्हणाली.